फ्रेंच धाटणीच्या नव्या रेस्टॉरंटमध्ये नाश्ता: आदल्या संध्याकाळच्या फोनपासून घरी आणलेल्या पावापर्यंत

ठाण्यात फ्रेंच गावरान धाटणीचं एखादं नवं रेस्टॉरंट उघडलं की पहिल्या दोन-तीन रविवारी माणसं हौसेने जातात आणि परत येऊन सगळ्यांना एकच सांगतात, "इतके पैसे घेतले आणि दिलं काय, तर गार पाव आणि कच्चं ऑम्लेट." मीही पहिल्यांदा अशीच परतले होते. घोडबंदर रोडच्या आतल्या एका रस्त्यावर नव्याच उघडलेल्या ठिकाणी आईला घेऊन गेले. पोचायला सव्वाअकरा झाले, क्रुआसाँ, म्हणजे लोण्याच्या थरांचे कुरकुरीत पाव, संपले होते. मग किश, म्हणजे कवचात भरून भाजलेलं अंडं-क्रीम, मागवलं. दुसऱ्याच घासाला आईला काहीतरी चिवट लागलं. मेनूत नुसतं 'किश' लिहिलं होतं, आत बेकनचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, तुकडे होते. तिने घास हळूच रुमालात घेतला आणि नंतर नुसती कॉफी प्यायली. मेनूत लिहायला हवं होतं हे खरंच, पण मीही एका शब्दाने विचारलं नव्हतं.

त्यानंतर बऱ्याचदा जाणं झालं. हा नाश्ता बिघडतो तो बहुतेक वेळा दोन ठिकाणी, वेळेत आणि क्रमात. यातल्या बऱ्याचशा पदार्थांचा ताजेपणा काही मिनिटांचा असतो आणि आपण मात्र उशिरा पोचून सगळं एकदम टेबलावर मागवतो. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा.

टप्पा १: दिवस आणि वेळ ठरवा

रेस्टॉरंट उघडल्यावरचे पहिले पंधरा दिवस सोडून द्या. त्या दिवसांत अर्धा मेनू 'आज नाही' असतो, ओव्हनचा अंदाज आलेला नसतो आणि वाढणाऱ्या मुलांना स्वतःलाच पदार्थांची नावं नवी असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घडी बसू लागते.

शक्य असेल तर मंगळवार ते शुक्रवारमधला दिवस घ्या. रविवारच जमत असेल तर उघडायच्या वेळेलाच दारात हजर राहा. साडेदहानंतर घोडबंदर रोडवरची गर्दी वाढते आणि टेबलांसाठीची रांगही. नौपाड्यात, राम मारुती रोडच्या बाजूला जाणार असाल तर गाडी घरीच ठेवा. स्टेशनवरून चालत किंवा रिक्षाने जाणं सोपं पडतं. पार्किंग शोधण्यात जी वीस मिनिटं जातात, तेवढ्यात क्रुआसाँचा ट्रे रिकामा होतो.

जुलै-ऑगस्टमध्ये तर लवकरच जा. आपल्या दमट हवेत क्रुआसाँचा आणि पावाचा कुरकुरीतपणा फार टिकत नाही. सकाळी आठला कुरकुरणारं कवच दुपारपर्यंत चामट होतं. यात बेकरीची चूक नसते.

कॅलेंडरही बघा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार यांपैकी काही असेल आणि बरोबर पाळणारं माणूस असेल तर बेत पुढे ढकला. या मेनूत अंडं नसलेले पदार्थ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात आणि उपासाचं तर काहीच नसतं.

*सांभाळा:* मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारी माणसं बरोबर असतील तर त्यांना दहा वाजेपर्यंत उपाशी ठेवू नका. त्यांनी नेहमीच्या वेळी घरी थोडं खावं आणि तिथे अंड्याचा किंवा चीजचा पदार्थ घ्यावा. पाव, जॅम आणि चॉकलेट एकत्र आले की साखर झपाट्याने चढते.

टप्पा २: आदल्या संध्याकाळी फोन करा

या फोनला पाच मिनिटं लागतात. बहुतेक लोक फक्त टेबल राखून ठेवतात आणि फोन ठेवतात. चार गोष्टी विचारा.

पहिली: क्रुआसाँ आणि पाव इथेच भाजता का, आणि ओव्हनमधून किती वाजता निघतात? बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या मोठ्या किचनमधून भाजलेला माल येतो आणि इथे फक्त गरम होतो. काही ठिकाणी घड्या घातलेलं गोठवलेलं पीठ येतं आणि भाजणं इथे होतं. यातला दुसरा प्रकार मला चालतो, कारण ओव्हनमधून निघाल्यावरचा पहिला तास आपल्या वाट्याला येतो. उत्तर आलं, "आठ वाजता निघतात," तर साडेआठचं टेबल घ्या.

दुसरी: अंड्याचे पदार्थ किती वाजल्यापासून? काही ठिकाणी पहिला तास नुसती बेकरी चालू असते आणि स्वयंपाकघर नंतर सुरू होतं.

तिसरी: शाकाहारी माणसांसाठी काय आहे, आणि त्यात अंडं आहे का? इथे 'व्हेज' या शब्दावर थांबू नका, 'अंडं' हा शब्द स्वतः उच्चारा.

चौथी: टेबल किती वेळासाठी मिळेल? गर्दीच्या दिवशी दीड तासाची मुदत असते. ती आधी कळली नाही तर शेवटचा गोड पदार्थ घाईत आणि कॉफी उभ्याने होते.

*तपासा:* उत्तर देणाऱ्याला यातलं काहीच सांगता येत नसेल तर अजून आठवडाभर थांबा.

टप्पा ३: पोचल्यावर

आधी काउंटरकडे जा, मग टेबलाकडे. काचेमागे काय आहे आणि किती शिल्लक आहे ते डोळ्यांनी बघून घ्या. चारच क्रुआसाँ उरले असतील आणि तुम्ही चौघं असाल तर बसायच्या आधीच तेवढे सांगून ठेवा.

टेबल निवडताना एसीच्या थेट झोताखाली बसू नका. गार झोतात अंडी आणि क्रेप, म्हणजे मैद्याची पातळ धिरडी, दोन मिनिटांत निवतात. गावरान धाटणीच्या जागी फर्निचर मुद्दाम ओबडधोबड असतं. पाठ नसलेली बाकं असतात, जड लाकडी खुर्च्या असतात. आजी-आजोबांसाठी पाठ टेकता येणारी खुर्ची आधीच मागून घ्या.

टप्पा ४: मेनू वाचा, आणि प्रत्येक नावामागे काय आहे ते विचारा

गोंधळाचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. फ्रान्समध्ये घरोघरी होणारा सकाळचा नाश्ता लहान आणि गोडसर असतो: पाव, लोणी, जॅम, एखादा क्रुआसाँ, आणि वाडग्यात किंवा मोठ्या कपात दुधाची कॉफी. किश, क्रोक मस्यू, गालेत हे तिथे जास्त करून दुपारचे किंवा हलक्या जेवणाचे पदार्थ. आपल्याकडची रेस्टॉरंट दोन्ही एकाच सकाळच्या मेनूत घालतात. त्यामुळे मेनूच्या वरच्या भागाने पोट भरेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि सगळंच खालच्या भागातून मागवलंत तर सकाळी दहाला जेवण होऊन बसेल.

क्रुआसाँ. मैद्याच्या पिठात लोण्याची लादी गुंडाळून घड्या घालतात. तीनपदरी घडी तीनदा घातली की लोण्याचे २७ थर होतात. पिठात सहसा अंडं नसतं, पण चकाकी यावी म्हणून भाजण्याआधी वरून फेटलेल्या अंड्याचा ब्रश फिरवतात. अंडं न खाणाऱ्यांनी विचारायचं ते असं: "दादा, वरून अंडं लावलंय की दूध?" नुसतं "यात अंडं आहे का" असं विचारलंत तर "नाही" असं उत्तर येईल आणि देणारा खोटंही बोलत नसेल.

पँ ओ शोकोला. तेच पीठ, आत चॉकलेटच्या दोन कांड्या. मुलांसाठी हे.

आमंड क्रुआसाँ. हे कसं होतं ते ठाऊक असलं की खूप उपयोग होतो. मूळ पद्धतीत आदल्या दिवशीचे उरलेले क्रुआसाँ पाकात भिजवतात, बदामाचं क्रीम भरतात आणि पुन्हा भाजतात. बदामाच्या त्या क्रीममध्ये अंडं असतं.

ब्रिओश. मऊ, पिवळसर पाव. अंडी आणि लोणी पिठातच असतात, त्यामुळे बिनअंड्याचा ब्रिओश हा दुसराच पदार्थ झाला. दातांचा त्रास असणाऱ्यांना हा सगळ्यात सोपा.

तार्तीन. पावाचा उघडा तुकडा, वर लोणी-जॅम किंवा चीज, मशरूम, टोमॅटो. साध्या 'बागेत'मध्ये, म्हणजे काठीसारख्या लांब फ्रेंच पावात, पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढंच असतं, म्हणून अंडं न खाणाऱ्यांसाठी लोणी-जॅमची तार्तीन हा मेनूतला सगळ्यात खात्रीचा पदार्थ.

किश. पिठाचं खुसखुशीत कवच, आत अंडी आणि क्रीम. 'लोरेन' हा शब्द जोडलेला असेल तर बेकन असणारच. नुसतं 'किश' लिहिलं असेल तरी विचारा, हे मी आईच्या अनुभवावरून सांगते.

क्रोक मस्यू. हॅम, चीज आणि पांढऱ्या सॉसचं भाजलेलं सँडविच. त्यावर तळलेलं अंडं ठेवलं की क्रोक मादाम. हॅम म्हणजे डुकराचं मांस. आपल्याकडे बऱ्याचदा त्याऐवजी चिकन हॅम घालतात, पण कोणतं ते विचारून घ्या.

गालेत. कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं, फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं. कडेला जाळी पडते, अगदी आपल्या घावनासारखी. हॅम, चीज आणि अंडं घालून चौकोनी दुमडतात. गव्हातलं ग्लुटेन कुट्टूत नसतं, पण उलटायला सोपं जावं म्हणून काही जण थोडा मैदा मिसळतात. गहू वर्ज्य असणाऱ्यांनी इथे विचारलंच पाहिजे.

क्रेप. हे मैद्याचं आणि गोड. क्रेप सुझेतमध्ये संत्र्याचं लिकर, म्हणजे गोड मद्य, असतं, मुलांना देण्याआधी विचारा.

पँ पेर्दू. शिळ्या पावाचे जाड तुकडे दूध-अंड्यात भिजवून लोण्यात परततात. नावाचा अर्थच 'वाया गेलेला पाव'.

चीजचंही एक सांगते. ग्रुयेर, पार्मेझान अशा चीजचं दूध पारंपरिक पद्धतीत वासराच्या जठरातल्या रेनेटने साकळतात. भारतात वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटची चीज सहज मिळतात. ज्यांच्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे त्यांनी पाकीट बघायला मागावं. चांगल्या ठिकाणी आणून दाखवतात.

*तपासा:* ऑर्डर देण्याआधी टेबलावरच्या प्रत्येकाने अंडं, मांस आणि ॲलर्जी या तीन गोष्टी एकदा मोठ्याने सांगाव्यात. "मी काहीही खाईन" म्हणणारी मावशीच नंतर ताट सरकवते.

टप्पा ५: ऑर्डर टप्प्याटप्प्याने द्या

आपल्याकडे सगळं एकदम येतं, मधे ठेवतो, सगळे वाटून खातात. मिसळ, भजी, साबुदाणा वडा यांना ही पद्धत शोभते. इथे तीच वापरली तर ऑम्लेट निवतं, क्रुआसाँ मऊ पडतो आणि कॉफीवर साय धरते.

ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलाला स्पष्ट सांगा: "दादा, एकेक करून पाठवा. आधी क्रुआसाँ आणि कॉफी. ते संपत आलं की अंड्याचं सांगतो. गोड सगळ्यात शेवटी." नव्या स्वयंपाकघराला याने मदतच होते.

दोन माणसांसाठी माझा हिशोब असा: दोन क्रुआसाँ, दोन कॉफी, एक अंड्याचा किंवा चीजचा गरम पदार्थ दोघांत, आणि शेवटी एक गोड दोघांत. क्रुआसाँ मात्र माणशी एक घ्या. अर्धा कापला की थर दाबले जातात, आतली वाफ निघून जाते आणि दुसऱ्याच्या वाट्याला चिरडलेला भाग येतो. चौघांना चार क्रुआसाँ, दोन गरम पदार्थ, एक पावाची टोपली आणि दोन गोड पुरे होतात. कमी पडलं तर आणखी मागवता येतंच.

उशीर झालाच असेल तर क्रुआसाँचा हट्ट सोडा. आमंड क्रुआसाँ, पँ पेर्दू आणि क्रोक मस्यू यांचं उशिराने काही बिघडत नाही. पहिले दोन मुळातच शिळ्यातून जन्मले आहेत आणि तिसरं मागणीनंतर भाजलं जातं. त्या सव्वाअकराच्या सकाळी मला हे ठाऊक असतं तर आईला पँ पेर्दू मिळालं असतं. ती अंडं खाते, मांस खात नाही.

*सांभाळा:* फ्रेंच ऑम्लेट आपल्या ऑम्लेटसारखं नसतं. वरून फिकट पिवळं, कुठे तांबूस डाग नाही, आणि आत मऊ, किंचित ओलसर. लोक ते 'कच्चं' म्हणून परत पाठवतात, मग स्वयंपाकघर ते पुन्हा तव्यावर टाकतं आणि रबर होऊन येतं. तुम्हाला पूर्ण शिजलेलं हवं असेल तर ऑर्डर देतानाच "आतून पूर्ण शिजवा" म्हणा. गरोदर बायका, लहान मुलं, वयस्क आणि प्रतिकारशक्ती कमी असणारी माणसं यांनी तर पूर्ण शिजलेलंच घ्यावं. ओलं अंडं, वाहतं पिवळं बलक आणि हॉलंडेज सॉस या तिन्हींतून साल्मोनेला या जंतूचा धोका असतो. हॉलंडेज म्हणजे बलक आणि लोण्याचा कोमट सॉस, तो उकळलेला नसतो.

टप्पा ६: खाताना

क्रुआसाँ समोर आला की आधी उचलून बघा. चांगला क्रुआसाँ आकाराच्या मानाने हलका लागतो. खालची बाजू उलटून पाहा: ती तपकिरी, कोरडी हवी. बशीत लोण्याचं तळं साचलं असेल, खालचा भाग तळल्यासारखा तेलकट असेल, तर पीठ फुगवताना लोणी वितळून बाहेर आलं आहे. आपल्याकडच्या उकाड्यात हे सहज होतं. लोणी ३२-३५ अंशांच्या आसपास वितळतं आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या स्वयंपाकघरांचं तापमान त्याच्या वर जातं. म्हणून ज्या ठिकाणी पिठाची खोली वेगळी आणि थंड ठेवतात त्यांचा क्रुआसाँ उन्हाळ्यातही टिकतो.

आता हाताने एक टोक तोडा. सुरीची गरज नाही. कवच तडकून पापुद्रे बशीत सांडतील, ते सांडलेच पाहिजेत, त्याबद्दल संकोच करू नका. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला हवी, ओला पिठूळ गोळा नाही. पहिला घास काहीही न लावता खा. लोण्याचा वास तोंडात राहिला आणि जीभ स्वच्छ वाटली तर खरं लोणी आहे. टाळूला मेणासारखा थर चिकटून राहिला तर मार्गरिन किंवा वनस्पती तूप आहे, आणि तेवढ्या किमतीला ते मिळणं योग्य नाही. शांतपणे विचारा.

बुडवून खायचं की नाही, असं मला पुष्कळ जण विचारतात. बुडवा! फ्रान्समध्ये माणसं लोणी-जॅम लावलेली तार्तीन आणि क्रुआसाँ कॉफीत बुडवून खातात. खारी चहात बुडवून खाण्यात आपली हयात गेलेली आहे, ती सवय इथे जशीच्या तशी चालते. फक्त बुडवून लगेच तोंडात घाला.

बागेत आणि सावरडो पावाचं कवच कडक असतं, साधारण ब्रुन पावाच्या जातीचं. हाताने तोडा, कवचाचा आणि आतल्या मऊ भागाचा तुकडा एकत्र घ्या, लोणी प्रत्येक तुकड्याला वेगळं लावा. सावरडोची चव आंबूस असते, तो आंबलेल्या पिठाचा गुण आहे, पाव खराब झालेला नाही. कवळी असलेल्या माणसांना आतला मऊ भाग काढून द्या. कवचावर जोर लावायला लावू नका.

अंडी बऱ्याचदा बिडाच्या छोट्या तव्यातच टेबलावर येतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्या तव्याची मूठ तापलेली असते आणि मुलांचा हात आधी तिकडेच जातो. शिवाय तवा टेबलावर आल्यावरही अंडं शिजत राहतं, म्हणून फोटो एक काढा आणि लगेच खायला घ्या. पाच मिनिटांनी तेच बलक घट्ट झालेलं असेल.

गालेत कडेने सुरू करा. जाळीदार कड तोडायची, मधलं बलक फोडायचं आणि कड त्यात बुडवायची. मधूनच कापायला सुरुवात केली तर बलक बशीभर पसरतं आणि कडा नरम होतात. गालेत, किश, क्रोक हे काटा-सुरीने खातात, पण मुलांनी क्रोक हातात धरला तर कुणी काही म्हणत नाही.

केचप पहिल्या तीन घासांपर्यंत मागू नका. चव फिकी वाटली तर आधी मीठ आणि मिरपूड घ्या. हे पदार्थ लोणी, चीज आणि अंड्याच्या सौम्य चवीवर उभे असतात, तिखटाची सवय असलेल्या जिभेला ती चव ओळखीची व्हायला थोडा वेळ लागतो. तीन घासांनंतरही हवं वाटलं तर जरूर मागा.

कॉफी मागवताना, पहिल्यांदा जाणाऱ्याने कॅफे ओ ले घ्यावी, निम्मी कॉफी आणि निम्मं गरम दूध. एस्प्रेसो सगळं संपल्यावर. कॉफी कोमट आली तर लगेच परत द्या, अर्धा कप पिऊन झाल्यावर नव्हे.

*तपासा:* काही बिघडलं असेल तर दोन घासांतच सांगा, आणि नेमकं सांगा. "चांगलं नाही" यातून स्वयंपाकघराला काही कळत नाही. "क्रुआसाँ आतून ओला आहे", "किश मधोमध गार आहे" असं म्हटलं की बदलूनही मिळतं आणि उद्याच्या गिऱ्हाइकाचंही भलं होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत मालक किंवा मुख्य शेफ बहुधा तिथेच असतात, त्यांना थेट सांगा.

टप्पा ७: बिल

ज्या रेस्टॉरंटला राहायच्या खोल्यांचं हॉटेल जोडलेलं नाही, त्याच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, अडीच राज्याचा आणि अडीच केंद्राचा. हा द्यायचाच आहे.

सेवा शुल्काचं तसं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की हे शुल्क आपोआप बिलात जोडता येत नाही आणि दुसऱ्या नावानेही लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. आकडा किती फिरतो ते बघा. १,२०० रुपयांच्या नाश्त्यावर ५ टक्के कर धरून १,२६० होतात. मूळ १,२०० वर आधी १० टक्के सेवा शुल्क घातलं तर १,३२०, आणि त्यावर कर लावून १,३८६. म्हणजे १२६ रुपये जास्त. पटत नसेल तर शुल्क काढून टाकायला सांगा. नकार आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सेवा आवडली असेल तर वाढणाऱ्याच्या हातात रोख द्या. नव्या जागी ही मुलं सकाळी सहापासून उभी असतात.

*तपासा:* पाणी 'साधं की बाटली' असं विचारतात तेव्हा उत्तर नीट द्या. नुसती मान हलवली की बाटली उघडली जाते.

टप्पा ८: उरलेलं आणि घरी न्यायचं

निघताना एक बागेत किंवा सावरडोची लादी घ्या. पाव गरम असेल तर कागदी पिशवी उघडीच ठेवा. प्लास्टिकमध्ये घातला की वाफ अडकते आणि ठाणे स्टेशन येईपर्यंत कवच ओलं होतं.

घरी आणल्यावर पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या तापमानाला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. त्या दिवशीचा सुती कापडात गुंडाळून ओट्यावर ठेवा. बाकीच्याचे काप करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तसे थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर भाजा. पावसाळ्यात दुसऱ्या दिवसानंतर ओट्यावर ठेवूच नका, बुरशी धरते.

क्रुआसाँ मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, तो आधी लिबलिबीत आणि मग चिवट होतो. ओटीजी १६० अंशांवर आधी तापवून घ्या आणि चार मिनिटं ठेवा. एअर फ्रायर असेल तर १५० अंशांवर तीन मिनिटं. बाहेर काढल्यावर दोन मिनिटं जाळीवर राहू द्या, कवच तेव्हा कडक होतं. बागेतच्या कवचावर ओला हात फिरवा आणि १८० अंशांवर पाच-सहा मिनिटं भाजा.

तिसऱ्या दिवशी पाव दगडासारखा झाला की पँ पेर्दू करा. चार जाड काप, दोन अंडी, एक कप दूध, दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ, असली तर वेलची. सगळं फेटून पसरट ताटात ओता आणि काप दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं भिजवा. फार वाळलेला असेल तर जास्त वेळ, मधे बोट दाबून ओल पोचली का ते पाहायचं. तवा मध्यम आचेवर, त्यात चमचाभर लोणी. लोण्याचा फेस बसला की काप टाका आणि प्रत्येक बाजू तीन मिनिटं परता. आच मोठी केली तर बाहेरून काळा आणि आत कच्चा राहतो. आई हल्ली हे रविवारी करते, वर साखर न भुरभुरता घरचा गुळांबा घालून.